इमेल्डाचा पाळणा आणि सांतानचा सिनेमा

इमेल्डा डांटस मेली, ही बातमी खुद्द इमेल्डालाच मासळी बाजारात कळली.

ती बांगड्यांचे कल्ले उघडून बघत होती. तेवढ्यात शेजारची राधाबाई लगबगीनं आली आणि चार बायकांच्या देखत ओरडली, "इमेल्डा, गो इमेल्डा, तू मेलंस गो! पयल्या पाच मिनटातच मेलंस! भिंतीर फोटो लावल्यानी तुझो, फुडे मेणबत्ती लावल्यानी!"

सगळा बाजार खो खो हसला. मासेवालीनं हातातला बांगडा टोपलीत टाकला आणि पदर तोंडाला लावला. राधाबाई आदल्या दिवशी भाच्याबरोबर कुडाळला जाऊन 'एकटोच डॅडी' हा सिनेमा बघून आली होती. त्यात बायको बाळंतपणात मरते आणि बापच पोर वाढवतो. दोन तास नुसती हसवणूक. आणि त्या सिनेमातला डॅडी होता सांतान डांटस, म्हणजे इमेल्डाचा लग्नाचा नवरा.

"बरा झाला," इमेल्डा म्हणाली. "मेलंय तर मेलंय. बांगडे घाल पिशयेत."

पण घरी येईपर्यंत तिची कानशिलं तापली होती. मालवण-कट्टा रस्त्यावरच्या त्यांच्या वाडीत सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि तरीही सगळे हसत होते, हे तिला जास्त झोंबलं.

आता सांतान म्हणजे काय चीज आहे ते सांगायलाच हवं. तरुणपणी गावच्या फेस्ताच्या सणाला नाटक असलं की विनोदी पार्ट सांतानचाच. तोंड वेडंवाकडं केलं की म्हातारीकोतारीसुद्धा पोट धरून हसत. इमेल्डाही हसली आणि हसता हसता लग्न करून बसली. ब्रेंडा पाळण्यात असताना एक नाटक कंपनी आली आणि सांतान "चार प्रयोग करून येतंय" म्हणून गोव्याला गेला. चार प्रयोगांचे किती झाले देव जाणे. गोव्यातून मुंबई, मुंबईत मालिका. कधी दारुड्या, कधी वेटर, कधी पाववाला. वर्षा-दोन वर्षांनी बिस्किटांचा डबा घेऊन यायचा, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून बेसांव, म्हणजे आशीर्वाद, द्यायचा आणि परतीची एसटी गाठायचा. भांडण नाही, घटस्फोट नाही, दुसरी बाईसुद्धा नाही. दुसरी बाई असती तर इमेल्डाला एक वेळ समजलं असतं. नुसतंच टाकून जाणं कसं समजून घ्यायचं?

इमेल्डानं शिलाई मशीन धरलं. पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक, नवरीचे गाऊन, बाप्तिज्माची झबली, पंचक्रोशीत तिच्याच हातची. ब्रेंडा पाळण्यात रडायची आणि काम तर थांबवून चालायचं नाही. मग इमेल्डानं एक युक्ती काढली. पाळण्याची दोरी मशीनच्या पायडलालाच बांधली. पायडल हललं की पाळणा हलायचा. मशीन थांबलं की पोर जागं. मग शिवण संपलं तरी इमेल्डा सुईतला दोरा काढून रिकामंच मशीन मारत बसायची. पावसाळ्यात पोटऱ्या भरून यायच्या, तरी मारत बसायची.

हे सांतानला माहीत होतं. तो एकदा बिस्किटं घेऊन आला तेव्हा दारात उभा राहून हे बघून पोट धरून हसला होता.

बाजारातून ती घरी आली तर ब्रेंडा ओसरीत बसली होती, मांडीवर पोर आणि हातात मोबाइल. ब्रेंडा नर्स. तिचा नवरा ब्रँडन दोडामार्गचा, रोज गोव्यात औषध कंपनीत कामाला जाणारा. पहिलं बाळंतपण म्हणून ती आईकडे आली होती आणि मुलगा झाला होता. नाव बाप्तिज्माला ठेवायचं, तोवर नुसता बाबू.

"मम्मी, ह्यां बघ." ब्रेंडाचे डोळे ओले होते.

मोबाइलवर सिनेमातला एक तुकडा होता. सगळीकडे फिरत होता तो. सांतान बनियनवर, तोंडात टेप, गळ्यात कापड, शिलाई मशीन मारतोय. पायडलाला दोरी, दोरीला पाळणा. मशीन थांबतं, पोर रडतं, सांतान दचकतो. पुन्हा मारतो. पुन्हा थांबतं. मग तो सुईतला दोरा काढून रिकामंच मशीन मारत बसतो आणि मारता मारता घोरायला लागतो. खाली लोकांनी लिहिलेलं, बाप असावा तर असा.

"डॅडीक माझो पाळणो याद आसा गो," ब्रेंडा म्हणाली.

इमेल्डाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. लेकीला आठवण दिसत होती आणि आईला चोरी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा! पोटऱ्या हिच्या भरून आल्या आणि टाळ्या त्याला. बरं, चोरी करून गप्प बसावं, तर ते नाही. जिची चोरी केली तिला पहिल्या पाच मिनिटांत मारून भिंतीला टांगली.

"आणि मम्मी, एक सांगतंय, रागाव नको," ब्रेंडा पुढे बोललीच. "मादीन तू आसंसच. पाद्रीन म्हणान माका डॅडी होयो."

बाप्तिज्माच्या वेळी बाळाला हातात धरून उभे राहणारे ते पाद्रीन आणि मादीन. देवाघरचे आईबाप. खरे आईबाप नसले, कमी पडले, तर पोराला देवाच्या वाटेवर सांभाळायची जबाबदारी त्यांची. बाळाची मादीन इमेल्डाच व्हायची, हे पहिल्यापासून ठरलेलं. आता त्या पाण्याच्या कुंडापाशी, सगळ्या वाडीसमोर, तिनं सांतानच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं? असताना ज्यानं सांभाळलं नाही तो नसताना काय सांभाळणार?

"तुझा पोर, तुझी मर्जी," इमेल्डा म्हणाली आणि बांगडे साफ करायला मागच्या दारी गेली. त्या दिवशी बांगड्यांची डोकी तिनं जरा जास्तच जोरात तोडली.

मनात मात्र तिनं शपथ घेतली होती. ह्या माणसाच्या हातात माझा नातू जाणार नाही. आणि तो का जाणार नाही, ते सगळ्या गावाला दिसेल असं करून दाखवीन.

देवानं म्हणा की सैतानानं, संधी तिच्या दारात आणून दिली. बाप्तिज्माच्या आधीच्या रविवारी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, फॅमिली संडे होता. नवे फादर घरी आले. तरुण, उत्साही, सगळ्यांचे समेट करायला निघालेले.

"इमेल्डाबाई, सकाळच्या मिसाची प्रार्थना झाली की आपण हॉलमध्ये 'एकटोच डॅडी' दाखवतोय. सांतानबाब स्वतः येणार आहेत. तुम्ही मातांच्या मंडळाच्या प्रमुख. सिनेमा संपल्यावर ख्रिस्ती कुटुंबाच्या नजरेतून पाच मिनिटं बोलाल का?" आणि हळूच म्हणाले, "जुनं विसरायला अशी वेळ चांगली असते."

"बोलेन की फादर," इमेल्डा म्हणाली. "आनंदानं बोलेन." फादरांशी ती नेहमी शुद्ध बोलायची, आणि खोटंही शुद्धच बोलायची.

आठवडाभर ती बाबूचं झबलं शिवत होती. पांढरं सॅटीन, गळ्याला लेस, पायाच्याही खाली लोंबेल असं लांब. पायडल मारता मारता तिनं भाषणं रचली आणि मोडली. ब्रेंडाच्या पहिल्या कम्युनियनची गोष्ट सांगावी का? "येतंय म्हणजे येतंय" असा निरोप आला होता. खुर्ची राखून ठेवलेली. पोर आल्ताराच्या वेदीपाशी उभं राहून सारखं मागे वळून बघत होतं आणि हातातल्या मेणबत्तीचं मेण फ्रॉकवर गळत होतं. घरी येऊन इमेल्डानं खाकी कागद ठेवून इस्त्रीनं ते मेण काढलं होतं. पण ही गोष्ट सांगितली तर लोक हळहळतील, सांतान डोळे पुसेल, फादर दोघांच्या खांद्यावर हात ठेवतील आणि तोच पुन्हा हिरो. शब्दांत त्याच्याशी कोण जिंकणार? शब्द हा त्याचा धंदा होता.

मग तिला सुचलं. बोलायचंच कशाला? पोरच त्याच्या हातात द्यायचं. ह्या माणसानं जन्मात तान्हं पोर हातात धरलेलं नाही. ब्रेंडालासुद्धा तो पाळण्यात वाकून बघायचा, "मोडात गो" म्हणून उचलायचा नाही. सिनेमात तर बाहुला असणार, नाहीतर दुसऱ्याचे हात. सगळ्या गावासमोर भुकेलं, रडणारं पोर हातात आलं की ह्याचं सोंग गळून पडेल आणि ब्रेंडा उघड्या डोळ्यांनी बघेल.

रविवारी सकाळी ती ब्रेंडाला म्हणाली, "बाबूक पण घेवन चल."

ब्रेंडा बघतच राहिली. बाप्तिज्मा व्हायच्या आधी पोराला घराबाहेर काढायचं नाही, त्याला वारं लागतं, नजर लागते, ही जुनी रीत. आणि ती पाळायला लावणारी इमेल्डाच. वाडीच्या तोंडावर जो क्रूस, त्या खुरसापर्यंतसुद्धा तिनं पोराला नेऊ दिलं नव्हतं.

"इगर्जेचो हॉल म्हणजे काय भायर?" इमेल्डा म्हणाली. "देवाचोच जागो तो. आणि आता पाजू नको तेका. थंय गरम होता, दूध वर टाकतलो. मागीर पाज."

ब्रेंडानं ऐकलं. आईचं ऐकायची सवय होती तिला.

सांतान गाडीतून उतरला तो पांढऱ्या शर्टात आणि काळ्या चष्म्यात. पोट सुटलं होतं, केस रंगवलेले. पोरंटोरं फोटोसाठी लोंबकळली. त्यातून वाट काढत तो इमेल्डासमोर आला.

"बरी आसंस मां गो?"

"मी मेलंय मां," इमेल्डा म्हणाली. "मेलेल्या माणसाक काय व्हता?"

तो हसला. आजूबाजूचेही हसले. ह्या माणसापाशी येऊन रागाचंही हसूच होतं, हे तिच्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

सिनेमा सुरू झाला. पाच मिनिटांत बायको मेली, भिंतीवर गेली. फोटोत कोणीतरी गोरी, नाजूक, दात दाखवणारी बाई. सांतान भात लावताना त्या फोटोला विचारतो, "मीठ किती घालू गे?" आणि मग स्वतःच फोटोच्या आवाजात उत्तर देतो. पोर शी करतं, हा नाकाला कपड्यांचा चिमटा लावून धुतो. हॉलमधले बाप आपल्या बायकांकडे बघून हसत होते, बायका नवऱ्यांना कोपरानं ढोसत होत्या. पायडलाचा प्रसंग आला तेव्हा तर शिट्ट्या पडल्या. मागच्या बाकावरून राधाबाई मोठ्यानं म्हणाली, "ह्यां आमच्या इमेल्डाचा!" पण कोण ऐकतो? आणि खरं सांगायचं तर एका जागी, सांतान उशीलाच अंगाई गातो आणि पोर पलंगाखालून रांगत येतं तिथं, इमेल्डालाही हसू फुटलं. तिनं ते दाबलं, पण फुटलं. त्या हसण्याचाही तिनं त्याच्या नावावर गुन्हा मांडला.

दिवे लागले. फादरांनी तिला बोलावलं.

इमेल्डा माईकपुढे उभी राहिली. "सिनेमा बरा आहे," ती म्हणाली. "ख्रिस्ती घरात बाप म्हणजे घराचा मुख्य. पण येशूला वाढवणारा आपला जोसेफ काय भाषण करून बाप झाला नव्हता, कामं करून झाला. सांतानबाब पुढच्या रविवारी माझ्या नातवाला हातात धरणार आहेत, पाद्रीन म्हणून. सिनेमात सगळ्यांनी पाहिलं. आता खरं बघूया. ब्रेंडा, बाबूला आण."

टाळ्या पडल्या. ब्रेंडा पोर घेऊन वर आली. बाबूची दुधाची वेळ केव्हाच टळून गेली होती आणि तो तारस्वरात रडत होता. इमेल्डानं त्याला ब्रेंडाकडून घेतलं आणि सांतानच्या हातांवर ठेवलं. बाजूला सरकून ती वाट बघत राहिली.

सांताननं पोर घेतलं ते फणस घ्यावा तसं, दोन्ही बाजूंनी. त्याचा चेहरा क्षणभर खरोखर घाबरला. इमेल्डानं ते बघितलं आणि तिचं काळीज सुपाएवढं झालं. बघा, बघा म्हणावं ह्याला!

आणि हॉल हसला. अख्खा हॉल, पोट धरून. लोकांना वाटलं, सांतान पार्ट करतोय.

ते हसणं कानावर पडलं मात्र, सांतान सावरला. नटच तो. त्यानं डोळे फिरवले, पोर एकदा डावीकडे झुलवलं, एकदा उजवीकडे. माईक ओढून बाबूच्या रडणाऱ्या तोंडापाशी धरला, "चेअरमनसायब दोन शब्द बोलतले!" लोक बाकांवरून खाली पडायचे बाकी होते. फादर डोळे पुसत होते.

"तेका धरूक येणा नाय!" इमेल्डा शुद्ध बोलायचं विसरून ओरडली. "खरांच येणा नाय तेका! डोळे फुटले काय तुमचे?"

लोक आणखी हसले. नवरा-बायकोची काय जोडी जमलीय, म्हणाले.

सांतान लोकांकडे बघत होता, पोराकडे नाही. त्याच्या एका हातावर बाबूची मान मागे लोंबत होती. लहान पोराची मान ती, अजून नीट धरलेली नाही. एकदा ती लटकन हलली. इमेल्डा बघत होती. तिच्या हाताला ते कळलं होतं, हात पुढेही झाला होता. पण मनात आलं, जरा थांब, एवढ्यात नको, अजून लोकांना दिसलेलं नाही. आणि हात मागे घेऊन ती थांबली.

ब्रेंडा थांबली नाही. दोन पावलांत पुढे आली. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली घालून तिनं पोर उचललं आणि छातीशी धरलं.

"मान धरूची लागता, डॅडी," ती म्हणाली.

हळूच म्हणाली, पण माईक तिथंच होता. पुढच्या दोन रांगा गप्प झाल्या. मागचे अजून हसत होते. सांतानचे हात तसेच पुढे राहिले होते, रिकामे. "हां, हां, धरतंय मां," तो म्हणाला.

ते पडलेलं तोंड इमेल्डानं डोळे भरून बघून घेतलं. झालं! एवढ्या वर्षांचं फिटलं. लेकीच्या तोंडूनच निघालं, ह्याहून आणखी काय हवं? घरी येऊन तिनं सोलकढी केली, बांगडे तळले आणि पोटभर जेवली. राधाबाईला वाटीभर देऊन आली. कित्येक वर्षांत तिला एवढी भूक लागली नव्हती.

चारच्या सुमारास ब्रेंडा पिशवी भरताना दिसली.

"खंय चललंस?"

"दोडामार्गाक. ब्रँडन येता न्हेवक."

"आणि बाप्तिज्मो?"

"थंयच करतलव. ब्रँडनच्या भयणीक मादीन म्हणान सांगलंय. तिचो घोव पाद्रीन."

इमेल्डाला आधी ते नीट कळलंच नाही. "डॅडीक काढलंस तां बरा केलंस," ती म्हणाली. "पण मादीन मी मां?"

ब्रेंडा बाबूची दुपटी घडी करत होती. तिनं घडी पुरी केली.

"मम्मी, डॅडी कसो आसा तां माका म्हायत नाय काय गो? मेणबत्ती घेवन मागे बघित मी उभी होतंय, तू नाय. माका इतक्याच होया होता, तो जंय उभो रवलो नाय थंय एकदा उभो रवांदे. एकदाच. सोंग तर सोंग."

"अगो, तेका मान धरूक येणा नाय! तुझ्या पोराची मान—"

"तेका ठावक नव्हता," ब्रेंडा म्हणाली. "तुका ठावक होता. सकाळपासून तुका ठावक होता. माका खुरसाकडे न्हेवक दिलंस नाय तेका, आणि आपणच हॉलात आणवलंस. माका पाजूक दिलंस नाय. उपाशी ठेवलंस तेका, रडाक होयो म्हणान. तुझो हात फुडे इलो तो मी बघलंय, मम्मी. आणि मागे घेतलंस तोय बघलंय."

सांतानवर किती बोलली असती ती! पण हे सांतानचं नव्हतंच. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ब्रेंडानं जाताना झबलं मागितलं. इमेल्डानं ते कागदात गुंडाळून दिलं आणि ब्रेंडा रीतीप्रमाणे बेसांव घ्यायला वाकली. तेवढं ती चुकली नाही.

पुढच्या रविवारी दोडामार्गला बाप्तिज्मा झाला. इमेल्डा एसटीनं गेली. पहिला बाक पाद्रीन-मादीनचा, दुसरा ब्रँडनच्या घरच्यांचा. तिसऱ्यावर जागा होती, तिथं ती बसली. जरा वेळानं काळा चष्मा खिशात घालत सांतान आला आणि दुसरीकडे जागा नव्हती म्हणून तिच्या शेजारी बसला. आज त्याच्याबरोबर कोणी फोटो काढत नव्हतं. इमेल्डानं मान वळवली नाही. तो कुंडापाशी नाही, बाकावर आहे. जे तिला हवं होतं ते अगदी तसंच झालं होतं.

कुंडापाशी ब्रँडनच्या बहिणीनं बाबूला धरलं. झबल्याची लेस तिच्या हातावरून खाली लोंबत होती. फादरांनी कपाळावर पाणी ओतलं आणि बाबूनं टाहो फोडला. इमेल्डा बाकावरून अर्धी उठली. शेजारी सांतानही अर्धा उठला. तोवर नव्या मादीननं पोराला खांद्याशी घेतलं होतं, मानेखाली हात घालून. पोर गप्प झालं. दोघं खाली बसली.

सांताननं एकदा आपल्या हातांकडे बघितलं. मग वाकून, खरोखरच्या आवाजात, त्यानं विचारलं, "इमेल्डा, मान कशी गो धरतत?"

केवढी वर्षं तिनं ह्या प्रश्नाची वाट बघितली होती. आणि त्याच्यासाठी किती तिखट उत्तरं राखून ठेवली होती.

"माका काय विचारतंस?" ती म्हणाली. "मीय तुझ्या बाकारच बसलंय मां."